लेह ते पोर्ट ब्लेअर : नकाशावर चार तास, प्रत्यक्षात दीड दिवस

(विमानप्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताई मुंबईत फ्लाइट डिस्पॅचर होत्या, म्हणजे विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि वजन ठरवायच्या. आता निवृत्त आहेत.)

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा लष्करात आहे, सध्या लेहला. सून नौदलात डॉक्टर, ती पोर्ट ब्लेअरला. लग्न झाल्यापासून दोघं देशाच्या दोन टोकांना. यंदा दिवाळीत मुलाला रजा मिळतेय आणि तो सरळ तिच्याकडे जाणार आहे. मी मोबाइलवर पाहिलं तर 'लेह ते पोर्ट ब्लेअर विमान अंतर २,९४० किलोमीटर, वेळ सुमारे चार तास' असं आलं. मुलाला म्हटलं, सकाळी निघालास तर दुपारी जेवायला तिच्याकडे असशील. तो म्हणाला, "आई, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला असलो तरी खूप झालं." चार तास कुठे आणि दोन दिवस कुठे? खरं कुणाचं धरायचं?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, दोघांचंही खरं आहे. पण रजेचा हिशोब मुलाच्या आकड्यावर करा.

मोबाइल काय करतो ते आधी सांगते. तो दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतो. लेह साधारण ३४.१ अंश उत्तर, ७७.५ अंश पूर्व. पोर्ट ब्लेअर ११.६ उत्तर, ९२.७ पूर्व. पृथ्वीच्या गोलाईवरून त्यांच्यातलं सर्वांत जवळचं अंतर काढलं की येतं २,९४० किलोमीटर. त्याला जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ८३०-८४० किलोमीटरने भागलं की साडेतीन तास होतात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरला, झाले चार. गणित चोख आहे. फक्त या दोन गावांमध्ये विमान आहे का, हे त्या गणितात कुठेच येत नाही. लेहहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही.

तुमचं पत्र आल्यावर ती सरळ रेघ कुठून जाते हे मी नकाशावर काढून पाहिलं. लेहहून आग्नेयेला निघते, लडाखमधल्याच हानलेच्या जवळून तिबेटात शिरते, पिथौरागडच्या वरच्या अंगाला पुन्हा भारतात डोकावते, मग पश्चिम नेपाळ, उत्तर प्रदेशात बलरामपूरची बाजू, झारखंडात हजारीबाग, ओडिशात बालेश्वर, आणि तिथून पुढचे साडेबाराशे किलोमीटर नुसता बंगालचा उपसागर. या रेघेवरून प्रवासी विमान कुणी नेणार नाही. एक तर मध्येच चीनची हवाई हद्द. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला विमान झपाट्याने दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू साधारण पाव तासच पुरतो. खाली वीस-वीस हजार फुटांची शिखरं असतील तर उतरणार कुठे? म्हणून हिमालयावरून जाणाऱ्या प्रत्येक मार्गाला, कुठल्या ठिकाणी काही झालं तर कुठल्या दरीने बाहेर पडायचं, हे आधी कागदावर आखलेलं असावं लागतं.

आता दिलासा देणारी गोष्ट. तुमचा मुलगा दिल्लीमार्गे जाणार. लेह ते दिल्ली ६२० किलोमीटर, दिल्ली ते पोर्ट ब्लेअर २,४८५. बेरीज ३,१०५. सरळ रेघेपेक्षा अवघे १६५ किलोमीटर जास्त, म्हणजे हवेतली बारा मिनिटं. दिल्ली त्या रेघेच्या फार बाजूला नाहीच. कोलकात्यालाही थांबून जायचं म्हटलं तरी अंतर सव्वाबत्तीसशेच्या आसपास राहतं. तेव्हा अंतराच्या नावाने बोटं मोडू नका. वेळ खातात ती या दोन विमानतळांची घड्याळं.

लेहचं घड्याळ सकाळचं. समुद्रसपाटीपासून १०,६८२ फुटांवरची धावपट्टी, भोवती डोंगर, शेजारून सिंधू वाहते. दुपार व्हायला लागली की डोंगरउतार तापतात आणि दरीतून जोराचा, वेडावाकडा वारा सुटतो. त्यामुळे प्रवासी विमानांची ये-जा पहाटेपासून दुपारच्या आत उरकली जाते.

पोर्ट ब्लेअरचं घड्याळ दिवसाउजेडाचं. (शहराचं नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम झालं, विमानतळ पूर्वीपासून वीर सावरकरांच्या नावाचा आहे.) तिथे बहुतेक उड्डाणं सकाळ ते दुपार या वेळातच असतात. त्यात आपलं घड्याळ एक आणि सूर्य वेगळा. लेह आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशात पंधरा अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने पुरा एक तास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोर्ट ब्लेअरला सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आधीच मावळतो. लेहला तेव्हा उगवायला पावणेसात होतात. सूनबाई सकाळचा राउंड घ्यायला निघतात तेव्हा मुलाच्या खिडकीत अजून अंधार असतो. म्हणून दिल्ली, कोलकाता, चेन्नईहून पोर्ट ब्लेअरची विमानं भल्या पहाटे निघतात. जाऊन, उतरवून, भरून, उजेडात परत यायचं असतं.

आता दोन्ही घड्याळं शेजारी ठेवा. मुलगा लेहहून सकाळी निघाला, नऊ-दहाला दिल्लीत उतरला. पोर्ट ब्लेअरचं पहाटेचं विमान तोवर बंगालच्या उपसागरावर पोचलेलं असतं. कधी कोलकाता किंवा चेन्नईहून दुपारचं एखादं मिळूही शकतं, पण तिथवर वेळेत पोचणं लेहच्या हवेवर अवलंबून. त्यापेक्षा दिल्लीत रात्र काढून दुसऱ्या दिवशी पहाटे निघावं, साडेतीन-चार तासांत पोचावं. सगळं मिळून दीड दिवसाच्या आत-बाहेर. मुलगा बरोबर सांगतोय, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला नक्की असेल.

तिकीट काढताना मात्र सगळे टप्पे शक्यतो एकाच पीएनआरवर काढायला सांगा, दिल्लीचा मुक्काम धरून. वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं स्वस्त दिसतात, पण लेहचं विमान रद्द झालं तर पुढच्या कंपनीच्या लेखी तुमचा मुलगा नुसता 'आला नाही' एवढंच असतं, पैसे बुडतात. आणि जादा दिवस ठेवायचा तर तो लेहच्या बाजूला ठेवा. रजा सुरू होते त्याच सकाळचं तिकीट काढलं आणि त्या सकाळी ढग खाली आले, की दिवाळीच्या गर्दीत दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा मिळणं अवघड.

परतीचा प्रवास उलट सोयीचा आहे. पोर्ट ब्लेअरहून सकाळी किंवा दुपारी निघून रात्रीपर्यंत दिल्ली, आणि पहाटेचं पहिलं विमान लेहला. रात्र विमानतळावर किंवा जवळ काढली तर चोवीस तासांत होतो. फक्त हजर होण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी लेहला पोचेल असं बघा, त्याच दिवशी नको.

आणखी एक. दिवाळीचे दिवस म्हणजे बंगालच्या उपसागरात वादळांचा मोसम. कधी असं होतं की विमान पोर्ट ब्लेअरपर्यंत जातं, वर घिरट्या घालतं आणि कोलकात्याला किंवा चेन्नईला परत येतं. तसा फोन आला तर घाबरू नका. कोलकाता तिथून तेराशे किलोमीटर आहे, चेन्नई पावणेचौदाशे. भारतात याहून फारसा जवळ दुसरा आसरा नाही. म्हणून इंधन भरतानाच परतीची सोय करून निघतात. परत फिरलेलं विमान म्हणजे कुणीतरी आपलं काम नीट केलेलं असतं. मी त्या खुर्चीत बसलेली आहे म्हणून खात्रीने सांगते.

प्रश्न : एअरबस ए-३२० निओ एका दमात सहा हजार किलोमीटर जाऊ शकतं असं वाचलं. मग लेहहून तीन हजार किलोमीटरवरच्या अंदमानला, समजा तिबेट टाळून, थेट का जाऊ शकणार नाही? पेलोडची अडचण येते म्हणतात, ती नेमकी काय?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : छान प्रश्न विचारलात. सहा हजारांचा आकडा समुद्रसपाटीच्या लांब धावपट्टीवरून, बेताच्या तापमानात निघालेल्या विमानाचा असतो. लेहला तो लागू नाही. आणि पेलोड म्हणजे विमानाने नेलेली माणसं, सामान आणि माल यांचं वजन.

विमान उचलते ती हवा. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश. त्यात तापमान २५ अंश झालं की हवा आणखी विरळ होते आणि धावपट्टी जणू १४ हजार फुटांवर असल्यासारखं विमान वागतं. वैमानिकाच्या समोरचा वेगमापक १३० नॉट (ताशी सागरी मैल) दाखवतो तेव्हा जमिनीवरून विमान प्रत्यक्षात १६० च्या आसपास धावत असतं, कारण पंखांना तेवढाच जोर मिळायला विरळ हवेत जास्त पळावं लागतं. जास्त पळायचं म्हणजे जास्त धावपट्टी हवी, आणि थांबायची वेळ आली तर ब्रेकही तेवढेच जास्त तापणार. इंजिनांनाही हवा कमी मिळते, जोर कमी पडतो. पुढे डोंगर आहेत, आणि एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर ते ओलांडता आले पाहिजेत. या सगळ्या अटींत बसणारं वजन काढलं की ते विमानाच्या कमाल वजनापेक्षा बरंच खाली येतं.

ए-३२० ढोबळमानाने तासाला सव्वादोन-अडीच टन इंधन पितं. लेह-दिल्लीला तीन-चार टन पुरतात. पुष्कळदा परतीचंही इंधन दिल्लीहूनच भरून नेतात. अंदमानला जायचं तर प्रवासाचे आठ-नऊ टन, उतरता आलं नाही तर कोलकात्याला परतायचे साडेतीन-चार, शिवाय अर्ध्या तासाची कायम राखीव. दिल्लीच्या मानाने दहा टनांच्या आसपास जादा. सामानासकट एका प्रवाशाचे शंभर किलो धरा, म्हणजे दहा टन इंधन घ्यायला शंभर माणसं खाली उतरवावी लागतील. उरलेल्या ऐंशी जणांच्या तिकिटांवर ते विमान कोण चालवणार?

आमच्याकडे पहाटेच्या लेहची फाइल रात्रीच तयार व्हायला लागायची. हवेचा रिपोर्ट आला की पहिली नजर तापमानावर. अंदाजापेक्षा दोन-तीन अंश जास्त दिसले की लोडशीटवरचे, म्हणजे विमानातल्या वजनाच्या तक्त्यावरचे, किलो कमी करायला घ्यायचे: आधी कार्गो, मग वेळ पडली तर रिकाम्या ठेवायच्या सीटा. कॅप्टन फोनवर बाकी काही विचारायच्या आधी "आज किती बसतायत?" हे विचारायचा. जुलै २०२४ मध्ये लेहला तापमान इतकं चढलं की ओळीने काही दिवस उड्डाणं रद्द करावी लागली. बातमी वाचून पुष्कळांना नवल वाटलं, ऊन स्वच्छ पडलंय आणि विमानं का बंद? हे त्याचं कारण. आकाश मोकळं असणं तिथे पुरत नाही.

लेहला कॅप्टन म्हणून जायला वेगळं प्रशिक्षण लागतं, नुसता लायसन्सवर अनुभव असून भागत नाही. आणि हे सगळं नसताना, २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे पहिलं विमान उतरवलं, डकोटा. केबिनमध्ये दाबाची सोय नाही, मार्गाचा धड नकाशा नाही, खाली सोनम नोरबू या लडाखी अभियंत्याने घाईघाईने तयार करून घेतलेली कच्ची पट्टी, आणि विमानात सोबत मेजर जनरल थिमय्या. अभियांत्रिकी शिकताय तर सोनम नोरबूंचं नाव लक्षात ठेवा. मेहर सिंगांबद्दल लोक बोलतात, पट्टी बांधणाऱ्याबद्दल फार कमी.

प्रश्न : मी भूगोल शिकवतो. वर्गात दोन विमानतळांमधलं अंतर शोधायला सांगितलं तर मुलं वेगवेगळे आकडे आणतात. लेह-पोर्ट ब्लेअरसाठी कुणाचे २,९४०, कुणाचे २,९३०, एकाने तर १,५८७ आणलं. कुणाला मार्क द्यायचे?
— शिक्षक, वर्धा

उत्तर : सर, तिघांनाही द्या. १,५८७ हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर; गुणून बघा, २,९४० च येतील. विमानं आणि जहाजं सागरी मैलातच बोलतात, कारण अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, आणि नकाशावर कंपासने थेट मोजता येतो. १,८२७ कुणी आणलं तर तेही बरोबर, ते साधे मैल.

२,९३० आणि २,९४० मधला फरक पृथ्वीच्या आकाराचा. कुणी तिला पुरती गोल धरून हिशोब करतं, कुणी ध्रुवांकडे किंचित चपटी. शिवाय कुणी विमानतळाचा बिंदू घेतं, कुणी शहराचा मध्य. तीन हजारात दहा किलोमीटर, त्यावरून वाद घालू नये.

तुमच्या शाळेत पृथ्वीगोल असेल तर मुलांना हे हाताने करायला लावा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळला की साधारण ९४ सेंटिमीटर भरतो. विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटरचं, म्हणजे एक सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. आता तोच दोरा लेहपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत ताणून धरा. सात सेंटिमीटरला जरासा कमी भरेल. दोरा ताणला की तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो, आणि तो कुठल्या कुठल्या देशांवरून गेला हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. नंतर मुंबईवरून दोन्हीकडे दोरा लावायला सांगा: मुंबई-लेह सुमारे १,७३५ किलोमीटर, मुंबई-पोर्ट ब्लेअर सुमारे २,२८०. आपल्याला लडाख फार लांब आणि अंदमान त्यापेक्षा जरा जवळ वाटतं, कारण एकीकडे बर्फ आहे आणि दुसरीकडे आपल्यासारखीच नारळाची झाडं. दोरा उलटं सांगतो.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दिल्लीमार्गे अंदमानला गेलो. तिकिटावर जाताना लागणारा वेळ कमी आणि येताना जास्त होता. अंतर तर तेच. शिवाय जाताना विमान छापील वेळेच्याही वीस मिनिटं आधी उतरलं. वैमानिकाने वेग वाढवला होता का?
— वाचक, ठाणे

उत्तर : वेग वाढवलेला नव्हता, वारा मागून होता.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून, नऊ-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे फार जोराचा वारा वाहतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर तो सहज जातो. दिल्लीहून पोर्ट ब्लेअरला जाताना विमान आग्नेयेला जातं, त्यामुळे त्या वाऱ्याचा मोठा हिस्सा पाठीशी येतो. बंगालच्या उपसागरावर खाली दक्षिणेला सरकलं की वारा मंदावतो. पूर्ण वाटेची सरासरी ताशी ६० किलोमीटर मदत मिळाली असं धरू. २,४८५ किलोमीटर ८३५ अधिक ६० ने गेले तर दोन तास सत्तेचाळीस मिनिटं, येताना ८३५ वजा ६० ने तीन तास बारा मिनिटं. पंचवीस मिनिटांचा फरक इथेच पडला. पावसाळ्यात दक्षिणेकडे चित्र पालटतं, द्वीपकल्पावर खूप उंचावरून पूर्वेचा वारा वाहतो, आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअरवर जाताना तो समोरून येतो.

वीस मिनिटं आधी उतरण्याचं कारण मात्र दुसरं. तिकिटावरची वेळ ही हवेतली नसते. चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून मुक्कामी पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा तो वेळ असतो, ब्लॉक टाइम म्हणतात त्याला. दिल्लीत धावपट्टीपर्यंत रांगेत जायलाच वीस-पंचवीस मिनिटं जाऊ शकतात, ती त्यात धरलेली असतात. त्या दिवशी रांग नव्हती, तुमचा फायदा झाला. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर तर दारात पोचायला वेळच लागत नाही.

ही छापील वेळ वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर, वेळापत्रक बदलतं तेव्हा बदलते. गेल्या वर्षीच्या वेळेवर यंदाचं काही ठरवू नका.

प्रश्न : लेहला जाताना विमानात माझ्या वेफर्सची पिशवी फुगली. उतरल्यावर तर आणखी फुगली. महाबळेश्वरहून खाली येताना कान बंद होतात, इथे उतरताना तसे झालेच नाहीत. असं का?
— इयत्ता सातवी, नाशिक

उत्तर : तू फार बारकाईने पाहिलंस. विमान वर गेलं की केबिनमधली हवा थोडी विरळ ठेवतात, सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असते तितकी. म्हणून पिशवी फुगली. मुंबईला उतरताना ती हवा हळूहळू दाट करत आणतात, पिशवी बसते, कान बंद होतात. पण लेह केबिनपेक्षाही उंचावर आहे, १०,६८२ फुटांवर! त्यामुळे तिथे विमान खाली उतरत असताना केबिनमधली हवा उलट आणखी विरळ करत न्यावी लागते, म्हणजे दार उघडताना आतला आणि बाहेरचा दाब सारखा असेल. तुझं शरीर विमानाबरोबर खाली आलं आणि कान मात्र वर चढत राहिले. येताना लेहमधेच पाण्याची रिकामी बाटली घट्ट बंद करून बॅगेत ठेव आणि नाशिकला उघडण्याआधी बघ तिचं काय झालंय. वहीत लिहून मला कळव.

प्रश्न : आम्ही दोघं मार्चअखेर आधी अंदमानला स्कूबा डायव्हिंग करून तिथून लेहला जायचं म्हणतोय, एकाच सुट्टीत. स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) शेवटची डाइव्ह सकाळी, दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअर-दिल्ली, तिसऱ्या दिवशी पहाटे लेह. तिकिटं काढू का?
— एक जोडपं, मडगाव

उत्तर : असं काढू नका.

पाण्याखाली दाबाखालचा श्वास घेताना शरीरात नायट्रोजन जास्त मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, त्याला वेळ द्यावा लागतो. त्याआधी विरळ हवेत गेलं तर रक्तात आणि सांध्यांत त्याचे बुडबुडे होतात. दुखणं, बधिरपणा, क्वचित लकव्यापर्यंत जातं. डायव्हिंगवाले सांगतात की एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी निदान बारा तास, सलग काही दिवस केल्या असतील तर निदान अठरा तास थांबा. पण हे नियम केबिनच्या हवेसाठी आहेत, आठ हजार फुटांपर्यंतच्या. तुम्ही विमानातून उतरून त्याहूनही विरळ हवेत राहायला चाललात, आणि पुढे पँगाँग १४ हजार फुटांवर, खारदुंग ला १७ हजारांच्या वर.

दुसरी बाजू लेहची. समुद्रसपाटीवरून दोन दिवसांत तिथे पोचलेल्या माणसाला पहिले ४८ तास नुसतं बसून राहायचं असतं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही उंचीची लक्षणं आणि डायव्हिंगनंतरच्या त्रासाची काही लक्षणं सारखीच दिसतात. लेहच्या डॉक्टरांनी तुमचं नेमकं काय समजायचं?

तेव्हा क्रम उलटा करा, आधी लेह आणि मग अंदमान. उंचावरून समुद्राकाठी उतरल्यावर डाइव्ह करायला ही अडचण येत नाही, आणि पोर्ट ब्लेअरहून गोव्याकडे परतताना तुम्हाला फक्त केबिनच्या उंचीचा विचार करावा लागेल. शेवटची डाइव्ह निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी संपवा, म्हणजे चोवीस तास मिळतात. क्रम बदलणं शक्यच नसेल तर शेवटच्या डाइव्हनंतर दोन पूर्ण दिवस अंदमानातच जमिनीवर काढा, सेल्युलर जेल नीट बघा, आणि निघण्याआधी डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांना विचारा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हेही त्यांनाच, औषधाच्या दुकानात नको. मार्चअखेर वेळापत्रक बदलतं, त्यामुळे तिकिटं फेब्रुवारीत काढली असतील तर निघण्याच्या आठवडाभर आधी सगळ्या टप्प्यांच्या वेळा पुन्हा तपासा. दिल्लीतली लेहची आणि पोर्ट ब्लेअरची विमानं वेगवेगळ्या टर्मिनलवरून असू शकतात, तेही तेव्हाच बघून घ्या.